आईला इंग्रजी येत नव्हतं

रोहिणी नेमक्या जागी थांबली, हे शारदाबाईंच्या लक्षात आधी आलं. ती काय म्हणाली ते मागाहून. स्लायगोच्या त्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुनेचा लॅपटॉप उघडा होता. त्यात एडिंबरातल्या एका रिकाम्या हॉलमध्ये त्यांची लेक गडद निळा कोट घालून उभी होती, आणि शारदाबाई कोथिंबीर निवडता निवडता एक कान तिकडे देऊन होत्या. एक कान म्हणायचं आपलं. काड्या पानांत आणि पानं काड्यांत पडत होती. रोहिणी पक्षाची नेता झाली होती. पक्ष लहान, स्कॉटलंडच्या पार्लमेंटात त्याची माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, जुने नेते तब्येतीपायी घरी बसलेले. पण नेतेपद ते नेतेपदच. करोनामुळे समोर टाळ्या वाजवायलासुद्धा कुणी नव्हतं. टाळ्यांशिवाय बोलणं किती अवघड असतं हे शारदाबाईंना ठाऊक होतं, म्हणून रोहिणी थांबली तशी त्यांनी मनातल्या मनात तिला दाद दिली: शाबास, आता घाई करू नकोस, ऐकणाऱ्याला घोट गिळू दे. मग तो घोट त्यांच्याच घशाखाली उतरला. ‘एकोणीसशे त्र्याहत्तर साली माझी आई डंडीत आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता,’ असं रोहिणी म्हणाली होती. पुढे ती म्हणत होती, मुरंब्याच्या कारखान्यात पहिल्या दिवशी आईला बाथरूम कुठे आहे हे विचारता आलं नाही, म्हणून ती कामाची पाळी संपेपर्यंत तशीच उभी राहिली. आणि मी राजकारणात आहे ती, जिला विचारता येत नाही तिच्यासाठी. पुन्हा थांबली. पुन्हा अगदी नेमक्या जागी.

जयदीपनं, त्यांच्या लेकानं, टेबलावर थाप मारली. ‘आई, यू आर फेमस!’ मेधानं, म्हणजे सुनेनं, डोळे पुसले. ती पुण्याची, लग्न होऊन आयर्लंडला आलेली; तिचं ऑफिस तिकडे डब्लिनजवळ चेरीवूडला, पण वर्षभर ते जिन्याखालच्या एका टेबलावर भरत होतं. ‘आई, तुम्ही कधी बोलला नाहीत हो हे,’ ती म्हणाली. ‘किती सोसलंत.’ आता इथे खरं तर तोंड उघडायला हवं होतं. पण पन्नास वर्षांची सवय अशी सुटत नाही. कुणी कौतुक केलं की शारदाबाईंचा हात आपोआप उडायचा, माशी वारावी तसा, आणि तोंडातून निघायचं, ‘छे गं, त्यात काय एवढं.’ तेच निघालं. निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आत्ता त्या गोष्टीवर सही केली.

कारण गोष्ट तशी नव्हती. शारदाबाई सांगलीच्या बी.ए. होत्या, राज्यशास्त्र आणि इंग्रजी घेऊन झालेल्या. कारखान्यातला तो पहिला दिवस त्यांना कालच्यासारखा आठवत होता: उकळत्या साखरेचा गोड, मळमळवणारा वास, डोक्याला घट्ट बांधलेली पांढरी टोपी, काचेच्या बरण्यांचा किणकिणाट, आणि मुकादमीण म्हणून उभी असलेली एक लाल गालांची बाई. शारदाबाई तिच्यासमोर गेल्या आणि कॉलेजात शिकवलं होतं तसं, शब्द न् शब्द जागेवर ठेवून म्हणाल्या, ‘वुड यू काइंडली डायरेक्ट मी टु द लॅव्हेटरी?’ मुकादमीण बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ती हसता हसता बाकीच्यांना बोलावून सांगू लागली, आणि अख्खी रांग हसली. त्या जे बोलत होत्या त्यातलं शारदाबाईंना अवाक्षर कळलं नाही, कारण डंडीच्या बायकांची बोली ही इंग्रजी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बायका वाईट नव्हत्या. पुढे अकरा वर्षं त्याच बायकांनी त्यांना डचेस म्हणून हाक मारली, बाळंतपणात लोकरीचे मोजे विणून दिले. पण त्या दिवशी शारदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणजे इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे, जरा जास्तच येत होतं म्हणून अडलं. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला हसत सांगितली, मग पाहुण्यांना सांगितली, मग मुलं मोठी झाल्यावर मुलांना. आणि दर वेळी त्यातलं ते सुंदर वाक्य तेवढं गाळलं. ते सांगायचं म्हणजे माझं इंग्रजी तुमच्या मुकादमिणीपेक्षा भारी होतं असं सांगणं झालं. स्वतःच्या तोंडानं असं कोण सांगतं? त्यांच्या माहेरी तर पंगतीत वाढताना आपण केलेला लाडू पुढे करायचा आणि म्हणायचं, जरा बिघडलाच आहे, गोड मानून घ्या. समोरच्यानं ओळखायचं असतं. पुण्यामुंबईचा, सांगलीचा, कुठलाही पाहुणा ओळखतो. डंडीत जन्मलेल्या पोरीनं तेवढं ओळखलं नाही. तिनं लाडू बिघडला असं खरोखरच धरलं आणि त्या बिघडलेल्या लाडवावर जन्मभर आईची कीव केली.

कीव. हा शब्द सापडला तेव्हा शारदाबाई नदीकाठी फिरायला गेल्या होत्या. पाच किलोमीटरच्या आत काय ते फिरा, असा सरकारचा नियम होता. त्यांच्या गुडघ्यांना पाच पुष्कळ झाले. बंधाऱ्यावरून पाणी धो धो पडत होतं, तोंडावरचा मास्क श्वासानं ओला झाला होता, आणि त्या एकदम थबकल्या. पोरीला आपली कीव येते. शाळेतून आल्यावर ती दप्तर टाकून गळ्यात पडायची ती माया, कारखान्यातून आल्यावर पाय चेपून द्यायची ती माया, पहिल्या पगारात आणलेला तो गुबगुबीत तपकिरी कोट, या सगळ्याच्या तळाशी ही कीवच होती की काय? माझी बिचारी आई, हिला काही येत नाही. त्यांना एकदम इतका राग आला की मास्क ओढून काढावासा वाटला. समोरून एक माणूस कुत्रा घेऊन आला, दोन हात लांबून त्यानं मान तिरकी करून नमस्कार केल्यासारखं केलं, ‘ग्रँड डे’ म्हणाला. शारदाबाई ‘इट इज, इनडीड’ म्हणाल्या आणि स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. स्वच्छ, जुन्या वळणाचा, आता कुणी बोलत नाही असा.

भाषण पुष्कळ फिरलं. आयरिश रेडिओवर त्याचा तुकडा लागला. औषधांच्या दुकानातली मुलगी, जी एरवी गोळ्यांची नावं फटाफट घेऊन मोकळी व्हायची, ती आता बोट दाखवून, एकेक शब्द ताणून बोलू लागली: एक... सकाळी, एक... जेवणानंतर. कुंपणापलीकडची ब्रीडा तर दोन वर्षांची मैत्रीण. या दोघी पावसावर, पुढाऱ्यांवर, ब्रीडाच्या मेलेल्या नवऱ्यावर तास न् तास बोलत आलेल्या. ब्रीडा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, ‘तुझी पोरगी ऐकली गं रेडिओवर. फिअर्स प्राउड, अगदी फुलून गेली असशील. आणि मला माहीतच नव्हतं, तू इंग्रजी इथे येऊन शिकलीस ते! देवाची शपथ, किती छान शिकलीस!’ हे इतक्या मनापासून आलं की शारदाबाईंचा हात पुन्हा उडाला. ‘छे,’ त्या म्हणाल्या, ‘कुठलं काय.’ घरात येऊन त्यांनी कणीक काढली आणि ती अशी तिंबली की मेधानं जिन्याखालून डोकं बाहेर काढून विचारलं, ‘आई, सगळं ठीक ना?’

पहिलं भाषण त्यांनी ज्या दिवशी केलं तो दिवस त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. लपवला नव्हता हं. कुणी विचारलं नाही, एवढंच. बाहत्तर सालची निवडणूक. दुष्काळाचे दिवस, रॉकेलच्या रांगा, रेशनच्या साखरेत खडे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चौकात सभा होती, उमेदवार वकील होते आणि वकीलसाहेबांची जीप वाटेत बंद पडली होती. माणसं उठून जायला लागली. कुणीतरी म्हणालं, ती शारदा बोलते की कॉलेजात, चढवा तिला. दोन बाकं जोडून केलेल्या स्टेजवर त्या चढल्या. पहिली चार वाक्यं पुस्तकी झाली. मग मागे पानाच्या ठेल्याला टेकून उभी असलेली एक म्हातारी त्यांना दिसली, हातात रिकामी बाटली, रॉकेलच्या रांगेतून तशीच आलेली. शारदा तिच्याशीच बोलू लागली. काय बोलली ते आता आठवत नव्हतं. आठवत होतं ते शरीराला: घसा एकदम मोकळा झाला होता, तळवे गरम झाले होते, आणि आपण थांबलो की तीनशे माणसं थांबतात, आपण श्वास घेतला की तीही घेतात, हे कळल्यावर पोटात जे काही झालं ते पुन्हा कधी झालं नाही, लग्नात नाही, बाळंतपणात नाही. जाणारी माणसं परत फिरली. वकीलसाहेब आले तेव्हा लोक त्यांना बसा बसा म्हणत होते. सभा संपल्यावर वकीलसाहेब वडिलांना भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मुलगी फार छान बोलते. लवकर लग्न करून टाका.’ आणि वडिलांनी वर्षाच्या आत ते केलं. माणूस मात्र चांगला मिळाला, नाही म्हणायला जागा नाही. यशवंत रेगे, तागाच्या गिरणीत इंजिनियर, गिरणी थेट स्कॉटलंडात. ते बायकोला कधी अधिकउणं बोलले नाहीत. डंडीच्या मंडळात गणपतीला भाषण करायची वेळ आली की ते घाबरेघुबरे व्हायचे आणि शारदाबाई त्यांना भाषण लिहून द्यायच्या, कुठे थांबायचं ते पेन्सिलीनं खूण करून. पुढे रोहिणी बोलायला लागली तेव्हा मंडळातले सगळे म्हणाले, बापाची जीभ घेतलीय पोरीनं. यशवंतरावांनी एकदा बायकोकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं. पण शारदाबाईंचा हात उडाला. ते गेले त्याला आता पाच वर्षं होत आली. आपल्याशिवाय ज्या एका माणसाला माहीत होतं तो माणूस गेला, हे तेव्हा रडताना त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पोरीची सगळी वाटचाल त्यांच्या स्वयंपाकघरातून गेली होती. शाळेच्या वादविवाद स्पर्धेच्या आदल्या दिवशी रोहिणी ओट्याला टेकून घोकायची आणि शारदाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, ‘परीक्षकाकडे कशाला बघतेस? मागच्या भिंतीला टेकून उभा असेल त्याच्याकडे बघ.’ पोरगी म्हणायची, ‘आई, तुला काय कळतं त्यातलं!’ आणि बघायची मागेच. सव्विसाव्या वर्षी ती नगरपालिकेला उभी राहिली. पावसात दारोदार फिरायची. एका दारात तिच्या पोटरीला कुत्रं चावलं आणि त्याच दारात तिला मत मिळालं. शारदाबाई रात्रंदिवस पत्रकांच्या घड्या घालत होत्या. ती पार्लमेंटला दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा नवराही सोडून गेला, म्हणाला, तुझ्या घरात मला भेटीची वेळ घ्यावी लागते. त्या रात्री ती आईच्या अंथरुणात येऊन झोपली होती, चाळिशीला आलेली बाई. तिसऱ्यांदा निवडून आली. मग दोन हजार एकोणीसमध्ये कुणीतरी डंडीच्या घराच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून जळती चिंधी आत टाकली, पायपुसणं जळलं, आणि रोहिणीनं आईची बॅग भरून तिला जयदीपकडे स्लायगोला पाठवलं. तुला इथे ठेवणार नाही मी, ती म्हणाली. शारदाबाईंना घर सोडायचं नव्हतं. पण पोरीचे हात थरथरत होते, तिला चेन लावता येत नव्हती, म्हणून त्यांनी बॅगेची चेन स्वतः लावली आणि निघाल्या. अशा पोरीवर रागवायचं तरी कसं? राग यायचा आणि त्याच्या पाठोपाठ ते थरथरणारे हात यायचे.

तरी त्यांनी ठरवलं, सांगायचं. कुणाला ओरडून नव्हे, फक्त तिला. रोहिणी, मी बी.ए. आहे, तू बोलतेस ते माझं आहे. एवढं एकदा तिनं ऐकावं, एकदा तिनं आपल्याकडे वर मान करून बघावं, मग डोळे मिटले तरी चालतील. आपलं एवढं एकच मागणं आहे असं त्यांना वाटलं आणि ते फार मोठं आहे असं मुळीच वाटलं नाही. रविवारी दुपारी रोहिणीचा फोन आला तेव्हा त्या खोलीत जाऊन, दार लावून बसल्या. वाक्य तोंडात तयार होतं.

‘आई,’ रोहिणी म्हणाली. तिचं मराठी डंडीच्या हेलातलं, मधेमधे धाप लागल्यासारखं. ‘बोलायला दोन मिनिटं आहेत. नाही, पाच आहेत. आई, मी थकले गं.’

‘काय झालं?’

‘काही नाही. नेहमीचंच. आमच्याच पक्षातले लोक. म्हणतात, शी इज अ फेक. तिचं सगळं बेतलेलं, कोट बेतलेला, गोष्टी बेतलेल्या. मे महिन्यात निवडणूक आणि हे मला आत्तापासून खाली ओढतायत.’ तिनं कशाचा तरी घास घेतला. कडक, गार टोस्टचा कुरकुर आवाज आला. ‘तुला एक सांगू? नेतेपद मी अकरा मतांनी जिंकले. अकरा. आणि ती माझी नाहीत. पक्षातल्या प्रचारातही मी तुझीच गोष्ट सांगत होते. लोक मला लिहितात ना, ते माझ्याबद्दल नाही लिहीत. ते म्हणतात, माझी आई पण अशीच उभी राहिली होती. पोलिश, पाकिस्तानी, इथलीच हायलँडमधली गेलिक बोलणारी एक बाई. लोकांना मी नाही गं आवडले. तू आवडलीस.’

शारदाबाईंनी डोळे मिटले. वाक्य जिभेवर होतं.

‘एक पेपरवाला आहे, गॉर्डन नावाचा,’ रोहिणी म्हणाली. ‘तो जुन्या लोकांना फोन करतोय डंडीत. काहीतरी शोधतोय. त्याला म्हटलं, शोध, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. ते खरंच आहे, नाही का? आई? माझ्याकडे खरंच काही नाहीये लपवायला.’ आणि ती हसली, लहानपणी पेटीतली बाहुली दाखवताना हसायची तशी, सगळं उघडं करून.

‘तू जेवलीस का?’ शारदाबाई म्हणाल्या.

‘हे काय, खातेय.’

‘टोस्ट म्हणजे जेवण नव्हे. वरणभात लाव थोडा.’

‘बरं गं आई,’ रोहिणी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. ‘ठेवते.’ फोन बंद झाला. खिडकीतून डोंगराचं टेबलासारखं सपाट डोकं दिसत होतं, त्यावर ऊन आणि पाऊस एकाच वेळी चाललेला होता. त्या हरल्या होत्या आणि त्यांना त्याचं वाईट वाटत होतं. पोरगी जेवत नाही याचं जास्त वाटत होतं. पुढल्या वेळी सांगू, त्यांनी स्वतःला बजावलं. निवडणूक होऊन जाऊ दे, मग सांगू, सावकाश, समोर बसवून.

गॉर्डनचा फोन ईस्टरच्या सुट्टीत मंगळवारी सकाळी आला. घरात त्या आणि ईशा, नऊ वर्षांची नात. जयदीप हॉस्पिटलात, क्ष-किरण विभागात त्याची पाळी होती. मेधा जिन्याखाली कानांत इयरफोनचे बोळे घालून मीटिंगमध्ये. शारदाबाईंचे हात कोपरापर्यंत पिठात होते, म्हणून ईशानं फोन उचलून स्पीकरवर ठेवला आणि डब्याला टेकवून उभा केला. माणसाचा आवाज छान होता, वयस्क, अदबशीर. सकाळी त्रास देतोय, क्षमा करा, मिसेस रेगे. तुमच्या मुलीबद्दल आम्ही मोठा लेख करतोय, दोन शब्द हवे होते. डॉक्टर नंदकुमार म्हणून तुमचे डंडीचे जुने स्नेही आहेत, फार प्रेमानं बोलले ते तुमच्याबद्दल. म्हणाले, मिसेस रेगे म्हणजे विदुषी, भारतातून डिग्री घेऊन आलेल्या, मंडळाची सगळी इंग्रजी पत्रं त्याच लिहायच्या, कौन्सिलातले साहेबसुद्धा त्या इंग्रजीला वचकून असत. तर मी जरा गोंधळलो. तुमच्या मुलीनं सांगितलं ते काही वेगळंच. खरं काय ते तुमच्याच तोंडून ऐकावं, म्हटलं.

म्हणजे कुणीतरी ओळखलं होतं. नंदकुमारनं, त्या बडबड्या, सोज्वळ माणसानं, पन्नास वर्षं लाडू ओळखून ठेवला होता आणि भाबडेपणानं नेमका आज पुढे केला होता. शारदाबाईंच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. त्यांना विदुषी म्हणालं होतं कुणीतरी, तेही फोनवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खरं काय ते तुमच्या तोंडून. असं या जन्मात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पीठ बोटांवर सुकायला लागलं होतं. घसा मोकळा झाला, तळवे गरम झाले, आणि त्यांना कळलं की आपण उत्तर द्यायला लागलो तर ते किती सुंदर होईल. पहिल्या वाक्यातच या माणसाला सगळं कळेल; शब्द ऐकायचीसुद्धा गरज नाही, नुसतं वळण ऐकलं की पुरे. आणि मग मे महिन्यात त्या निळ्या कोटातल्या पोरीला विचारतील, बाईसाहेब, तुमची आई तर डचेस निघाली.

‘हॅलो?’ गॉर्डन म्हणाला. ‘मिसेस रेगे?’

‘नो,’ शारदाबाई म्हणाल्या. आवाज बारीक निघाला, घाबरलेला. तो कुठून आला ते त्यांना कळलं नाही. कारखान्यात शेजारी उभी राहणारी एक पंजाबी म्हातारी होती, तिचा असेल. ‘नो इंग्लिश. सॉरी. सन कम, यू टॉक.’

ईशानं रंगाच्या पेटीवरून मान वर केली.

‘मी सावकाश बोलतो,’ गॉर्डन म्हणाला, आणि त्याचा आवाज मोठा झाला. ‘तुमची... डिग्री. कॉलेज?’

‘कॉलेज नो. हजबंड कॉलेज. व्हेरी बिग मॅन.’ एक क्षण थांबायला हवं, हे त्यांना आपोआप कळलं. त्या थांबल्या. पलीकडे तोही थांबला, श्वास रोखून. ‘मी ओन्ली फॅक्टरी. जॅम. कुकिंग.’

‘आणि ती पत्रं? डॉक्टर नंदकुमार म्हणाले...’

‘डॉक्टर गुड मॅन. ओल्ड नाऊ.’ मग आपल्या बोटानं कपाळावर टकटक केलं, त्याला दिसत नव्हतं तरी. ‘फर्गेट.’ बिचाऱ्या नंदकुमारचं वाईट वाटलं, पण ते मागाहून.

पलीकडे कागद सरकल्यासारखा आवाज झाला. माणूस निराश झाला होता आणि थोडा शरमलाही होता, हे शारदाबाईंना स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला, तुमची मुलगी मोठी वक्ता आहे, तुम्हाला अभिमान वाटत असेल. शारदाबाईंनी तोंड उघडलं. ‘डॉटर गुड,’ त्या म्हणाल्या, आणि त्यापुढे त्यांना खरोखरच शब्द सापडेना. ‘गुड गर्ल. शी नॉट ईट.’ फोन बंद झाला.

शारदाबाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. ईशा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र ती अर्धीअधिक अस्सल स्लायगोच्या इंग्रजीत द्यायची.

‘आजी, व्हॉट वॉज दॅट? युअर मॅन, तो फोनवरचा, विचारत होता ते खरं आहे ना? वेअर यू इन कॉलेज?’

‘हो,’ शारदाबाई म्हणाल्या. इतकं सोपं होतं ते. ‘बी.ए. झालेय मी.’

‘इन व्हॉट?’

‘राज्यशास्त्र.’

‘व्हॉट्स दॅट?’

‘रोहिणीआत्या करते ना, ते. मी भाषणंपण करायची. चौकात, बाकावर उभी राहून. माणसं जायला निघालेली परत यायची.’ पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात उडाला नाही. ओल्या फडक्यावर तसाच राहिला.

ईशाचे डोळे मोठे झाले, आनंदानं. मग तिनं कपाळाला आठी घातली, अगदी तिच्या आत्यासारखी. ‘हॅज शी नो आयडिया? आत्याला माहीत नाही?’

‘नाही. आणि सांगायचं नाही तिला. निवडणूक आहे.’

‘पण निवडणुकीच्या आधी? एव्हर? यू नेव्हर टोल्ड हर?’

शारदाबाईंनी मान हलवली. आता पोर जवळ येईल, गळ्यात पडेल, पुअर आजी म्हणेल, असं त्यांना वाटलं आणि त्यासाठी त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. पण ईशा जागची हलली नाही. ती विचार करत होती, आणि तो विचार तिला आवडलेला नव्हता.

‘दॅट्स नॉट फेअर ऑन हर,’ ती म्हणाली.

शारदाबाई काहीतरी बोलायला गेल्या. तीन आठवडे त्या अन्यायाची बेरीज करत होत्या आणि दर वेळी बेरीज आपल्याच नावावर येत होती. त्यांच्यासमोर एकदम ओट्याला टेकून घोकणारी ती दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली, जिला घरात कुणीच असं दिसलं नव्हतं की जिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, मी हिच्यावर गेले. त्या खुर्चीवर बसल्या. आणि ईशा उत्तराची वाट बघत त्यांच्यासमोर उभीच होती.